परक्या वाद्यांतील आपला सूर

परळीहून विकाराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर घाटनांदूर हें बीड जिल्ह्यांतील एक लहानसें स्थानक आहे. अशा गांवीं लग्नाची वरात निघाली कीं सनईच्या जोडीला, किंवा सनईला मागें सारून, पितळी वाद्यांचा बँड पुढें चालतो. आणि घरांत रेडिओ लावला कीं जुन्या चित्रपटगीताच्या दोन कडव्यांमधील मोकळ्या जागेंत एक जाड, ओलसर, कांहींसा मानवी कंठासारखा आवाज हटकून कानीं पडतो. तो आवाज सॅक्सोफोनचा. गाणें कोणाचें, हें घरांतील शाळकरी मूलहि सांगतें; चाल कोणाची, हें वडीलधारीं माणसें सांगतात; पण दोन कडव्यांमधला तो आवाज कोणीं काढला असें विचारलें, तर सहसा कोणासच उत्तर देतां येत नाहीं. सर्वांच्या कानांवरून गेलेल्या, परंतु कोणाच्याच ओळखीच्या नसलेल्या अशा वादकांचा एक मोठा वर्ग मुंबईंत होता. तो बहुतांशीं गोमंतकांतून आलेला होता. त्याच वर्गांतून निघालेले, परंतु दुसऱ्याच्या गाण्यांतील मोकळी जागा भरीत बसण्याऐवजीं स्वतःच्या नांवानें स्वतःचें संगीत वाजवूं पाहणारे वादक व रचनाकार म्हणजे ब्राझ गोन्साल्विस. त्यांची जीवनकथा ही एका माणसाची कथा आहेच. पण परकें वाद्य हातीं घेऊन आपला सूर शोधणाऱ्या एका सबंध पिढीचीहि ती कथा आहे.

प्रथम या वाद्याचीच ओळख करून घेणें सोयीचें होईल. आदोल्फ साक्स या नांवाच्या कारागिरानें तें घडविलें. त्याचा जन्म १८१४ सालीं बेल्जममधील दिनां या गांवीं झाला. त्याचा बापहि वाद्यें घडविणाराच होता. १८४६ सालीं पॅरिस येथें साक्सनें आपल्या नव्या वाद्याचे हक्क नोंदविले. कर्ण्याचा दणदणीतपणा आणि क्लॅरिनेटची लवचिकता एकाच नळींत आणावी, असा त्याचा हेतु होता. देह पितळेचा असला तरी हें वाद्य कर्ण्याच्या घराण्यांतील नव्हे. कर्ण्यांत ओंठांच्या कंपनानें ध्वनि उत्पन्न होतो; सॅक्सोफोनमध्यें मात्र मुखनळीवर बांधलेली, बोरूसारख्या पोकळ काठीपासून तासलेली एक पातळ पट्टी फुंकरीनें थरथरते आणि त्या थरथरीनें नळींतील हवा बोलूं लागते. सनईंत अशा दोन पात्या एकमेकींस लागून असतात, येथें एकच असते. एवढ्या अर्थानें सॅक्सोफोन हा सनईचा दूरचा नातलगच म्हणावा लागेल. नळी मुखापासून टोंकापर्यंत रुंदावत जाते, तिच्यावरील छिद्रें बोटांनीं न झांकतां चाव्यांनीं झांकलीं जातात, आणि आकारमानाप्रमाणें सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन अशीं त्याचीं निरनिराळीं भावंडें होतात.

या वाद्याच्या वाट्यास आरंभीं मोठेपणा आला नाहीं. फ्रान्सच्या लष्करी बँडांत त्यास जागा मिळाली. पण यूरोपांतील अभिजात वाद्यवृंदानें त्यास जवळ जवळ दाराबाहेरच उभें ठेविलें. साक्सचें दिवाळें एकाहून अधिक वेळां निघालें आणि १८९४ सालीं तो दारिद्र्यांतच वारला. त्याच्या वाद्यास खरें घर मिळालें तें त्याच्या मृत्यूनंतर सुमारें पंचवीस-तीस वर्षांनीं, आणि तेंहि समुद्रापलीकडे, अमेरिकेंतील निग्रो वादकांच्या हातीं. कोलमन हॉकिन्स, चार्ली पार्कर आणि जॉन कोल्ट्रेन या तिघांनीं सॅक्सोफोनला जी भाषा दिली, तीच पुढें जगभर या वाद्याची मातृभाषा होऊन बसली. ती भाषा म्हणजे जाझ संगीत.

जाझ म्हणजे निव्वळ गोंगाट, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ दिवस होती. वस्तुतः रागसंगीत ऐकणाऱ्या कानास जाझचा सांगाडा समजावयास फारसा वेळ लागूं नये. आरंभीं सर्व वादक मिळून एखादी ठराविक चाल वाजवितात. बंदिशीच्या अस्ताईसारखें तिचें स्थान असतें. ही चाल बहुधा बारा किंवा बत्तीस मापांची असते, आणि तें आवर्तन पुनःपुन्हा फिरत राहतें. चाल एकदां प्रस्थापित झाली कीं एकेक वादक पुढें येतो आणि त्याच आवर्तनावर आपल्या बुद्धीनें नवी नवी स्वररचना उभी करतो. शेवटीं सर्वजण पुन्हां मूळ चालीवर येतात. येथपर्यंत आपल्या व त्यांच्या पद्धतींत साम्य आहे. भेद आहे तो पायाचा. आपल्या गायनाखालीं तंबोऱ्याचा षड्ज अचल असतो. जाझमध्यें खालीं पियानो किंवा गिटार यांवर तीन-चार स्वर एकदम छेडून जो स्वरमेळ उत्पन्न केला जातो, तो एक-दोन मापांगणिक बदलत असतो. आणि वरच्या वादकास त्या बदलत्या मेळांशीं आपले स्वर जुळवून घेत पळावें लागतें. आपला गायक एका स्थिर दिव्याच्या प्रकाशांत चित्र रंगवितो, तर जाझ-वादक धांवत्या गाडींत बसून रंगवितो, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

हें संगीत गोमंतकांतील खेड्यांपर्यंत पोंचलें कसें? त्याचें उत्तर तेथील देवळाशेजारच्या, म्हणजे ख्रिस्ती मंदिराशेजारच्या, शाळेंत सांपडतें. पोर्तुगीज अमलाखालीं गोमंतकांतील धर्मग्रामांतून ज्या शाळा चालत, त्यांत धर्मशिक्षणाबरोबर मुलांस पाश्चात्य स्वरलिपि वाचावयास शिकवीत. प्रार्थनासंगीतास गाणारे व वाजविणारे हवेत, हा त्यांतला मूळ हेतु. तेथील संगीतशिक्षक ‘मेस्त्री’ मुलाच्या हातीं आधीं वाद्य देत नसे. प्रथम स्वर ओळखून तोंडानें म्हणावयास शिकवी, आणि मगच व्हायोलिन किंवा एखादें फुंकवाद्य हातीं येई. अशा रीतीनें ज्या प्रदेशांत रोजगार थोडा होता, त्या प्रदेशांत कागदावर लिहिलेले स्वर पाहतांक्षणीं वाजवूं शकणाऱ्या माणसांची मुबलक पैदास झाली. ज्ञान होतें, पोट भरावयास वाव नव्हता. मग या लोकांनीं मुंबई, कलकत्ता, कराची, कोलंबो अशा वाटा धरल्या. संस्थानिकांचे बँड, लष्करी बँड, सर्कशी, मूकचित्रपटांच्या पडद्यापुढील वाद्यवृंद, आणि बड्या हॉटेलांतील नृत्यगृहें, अशा जेथें जेथें लिहिलेलें संगीत वाजवावयाचें असे, तेथें तेथें गोमंतकीय वादक दिसूं लागला.

मुंबईंत अशा माणसाचें पहिलें घर म्हणजे धोबीतलावच्या आसपासचा ‘कूड’. कूड म्हणजे एका गांवच्या मंडळींनीं मिळून चालविलेलें वसतिस्थान. भिंतीला लागून पेट्या ठेवलेल्या, कोपऱ्यांत देव्हारा, संध्याकाळीं सामुदायिक प्रार्थना, आणि नोकरी शोधणारा, बोटीवरून परतलेला व बँडांत वाजविणारा असे सर्व एका छपराखालीं. १९३५ सालीं लिऑन ॲबे या अमेरिकन निग्रो वादकाचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलांत आला आणि खरें जाझ येथील वादकांनीं समक्ष ऐकलें. त्यानंतर टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. तो हिंदुस्थानांतच राहिला आणि १९४५ सालीं कलकत्त्यास वारला. परदेशी मंडळींजवळ बसून गोमंतकीय वादकांनीं ही विद्या उचलली. १९३९ पासून ताजमधील वाद्यवृंदाचें नेतृत्व मिकी कोरिया या सॅक्सोफोनवादकाकडे आलें व तें दोन दशकांच्या आसपास त्याच्याकडेच राहिलें. १९१६ सालीं हळदोणें गांवीं जन्मलेला आंतोनियो शाव्हियेर व्हाझ हा कर्णावादक ‘चिक चॉकलेट’ या नांवानें गाजला; त्याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

पण हॉटेलांतील ही चंगळ फार दिवस टिकली नाहीं. इंग्रज गेले, त्यांच्याबरोबर नृत्यगृहांतील गिऱ्हाईकहि पुष्कळसें गेलें; आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें रात्रीच्या व्यवसायास मोठीच ओहोटी लागली. तोंपर्यंत मुंबईंत दुसरें एक दार उघडलेलें होतें. तें चित्रपटांचें. १९३१ सालीं बोलपट आला तेव्हां पडद्यापुढील वादकांची नोकरी गेली खरी. परंतु थोड्याच वर्षांत ध्वनिमुद्रणाच्या दालनांत त्याच वादकांवांचून कोणाचें चालेनासें झालें. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल सांगे; ती कागदावर उतरून, कोठें व्हायोलिन बोलावें, कोठें सॅक्सोफोननें शिरावें, कोठें सर्वांनीं थांबावें, हें ठरविण्याचें काम वाद्यसंयोजकाचें असे. तो संयोजक बहुधा गोमंतकीयच असे. रेइश मागुश येथें १९०६ सालीं जन्मलेले सेबॅस्टियन डिसोझा यांनीं ओ. पी. नय्यर व शंकर-जयकिशन यांच्या गीतांस जो वाद्यसाज चढविला, तो हिंदुस्थानांतील घराघरांत पोंचला. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनीं मराठी कानाला जाझच्या ठेक्याची गोडी लाविली. त्यांच्या पाठीशीं चिक चॉकलेट उभा होता. १९५१ च्या ‘अलबेला’ या भगवानदादांच्या चित्रपटांतील एका गीतांत तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरहि दिसतो.

तो दिसला हा अपवाद होता. ध्वनिमुद्रिकेच्या कागदी चकतीवर गायकाचें नांव असे, संगीतदिग्दर्शकाचें असे, चित्रपटाचें असे, वादकाचें नसे. १९६४ च्या ‘काश्मीर की कली’ मधील नायकाच्या मद्यधुंद गीतांतील सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा, ही गोष्ट रसिकांना कळावयास कित्येक वर्षें जावीं लागलीं. दिवसाच्या कामाचा दिवसास मोबदला मिळाला कीं वादकाचा त्या संगीताशीं संबंध संपला. पोट भरलें, संसार झाले, मुलें शिकलीं, हें खरें. परंतु ज्यानें जाझसारखी विद्या, म्हणजे ऐन वेळीं स्वतःच्या मनानें रचण्याची विद्या, संपादन केली आहे, त्यानें आयुष्यभर दुसऱ्यानें ठरवून दिलेलीं आठ मापें वाजवावीं, यांत एक खोल विसंगति होती. ती अनेकांस बोंचत असली पाहिजे. माजोर्ड्याचे ॲन्थनी गोन्साल्विस यांनीं रागांवर आधारलेल्या, पण पाश्चात्य पद्धतीनें लिहिलेल्या रचना केल्या, आणि १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकांत मोठा वाद्यवृंद उभा करून त्या सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे त्या प्रसंगीं गायिले होते. फ्रँक फर्नांड या कर्णावादकासंबंधीं असें सांगतात कीं, १९४६ सालीं मसुरी येथें त्याची गांधीजींशीं भेट झाली आणि आपल्या जाझमध्यें हिंदुस्थान कोठें आहे, हा प्रश्न त्याच्या मनांत तेव्हांपासून घर करून राहिला. त्यानें पुढें १९६३ सालीं ‘आमचें नशीब’ व १९६६ सालीं ‘निर्मोण’ हे कोंकणी बोलपट काढले. प्रश्न असा हवेंत होता. सॅक्सोफोनवर त्याचें उत्तर शोधण्याचें काम ब्राझ गोन्साल्विस यांच्याकडे आलें.

ब्राझ यांचा जन्म १९३० नंतरच्या दशकांत तिसवाडी तालुक्यांतील नेवरें या गांवचा. संगीताचे पहिले धडे त्यांस वडिलांकडून मिळाले. तेव्हां गोमंतकावर पोर्तुगालचें राज्य होतें, तें १९६१ च्या डिसेंबरपर्यंत टिकलें. म्हणजे या पिढीचा वादक मुंबईस आला तो कायद्याच्या दृष्टीनें परदेशांतून आलेला असे; घरीं कोंकणी, प्रार्थनेंत लॅटिन, कचेरींत पोर्तुगीज, मुंबईंत इंग्रजी व हिंदुस्थानी, आणि रोजगारासाठीं अमेरिकेचें संगीत, असा त्याचा संसार होता. ब्राझ यांनीं सोप्रानो, आल्टो व टेनर असे तिन्ही सॅक्सोफोन आत्मसात् केले. चार्ली पार्करच्या पिढीनें जाझला जो वेग व जी गुंतागुंत दिली होती, ती आपल्या देशांत ज्या थोड्या वादकांच्या बोटांत पूर्णपणें उतरली, त्यांत त्यांची गणना होऊं लागली. त्यांचा विवाह झाला तोहि या परंपरेंतच. त्यांच्या पत्नी इव्हॉन या चिक चॉकलेटच्या कन्या आणि स्वतः गायिका.

मुंबईंत हॉटेलांतील जाझ ओसरूं लागलें तरी कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर तें अद्याप जोरांत होतें. तेथील ब्लू फॉक्स या उपाहारगृहांत पॅम क्रेन ही गायिका गात असे, आणि तिच्या साथीस ब्राझ यांचा सॅक्सोफोन असे. तेथेंच त्यांची लुई बँक्स या पियानोवादकाशीं जोडी जमली. बँक्स हे १९४१ सालीं दार्जिलिंग येथें एका नेपाळी वादकाच्या घरीं जन्मले. ही मैत्री पुढें दोघांच्याहि आयुष्यास वळण देणारी ठरली. रात्रीच्या गिऱ्हाइकापुढें वाजवितांना रुचेल तें वाजवावें लागतें. परंतु गिऱ्हाईक उठून गेल्यावर दोन वादक एकमेकांसाठीं जें वाजवितात, त्यांतच नव्या संगीताचें बीज पडत असतें.

आतां ब्राझ यांच्यापुढील अडचण कोणती होती, तें पाहूं. सॅक्सोफोनच्या चाव्या सप्तकाचे बारा स्वर देतात. त्यांच्या अधलेंमधलें कांहीं देत नाहींत. आपल्या संगीताचा जीव तर त्या अधल्यामधल्या जागेंतच आहे. दरबारीचा कोमल गंधार चावी दाबून मिळत नाहीं. तो खालून डोलत यावा लागतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर जातांना मींड हवी, आणि चावी तर स्वर तोडून दाखविते. तथापि या वाद्यांत एक सवलत आहे, आणि ती पेटींत नाहीं. पेटीची सूरपट्टी एकदां लाविली कीं तिचा स्वर अढळ. सॅक्सोफोनची पट्टी मात्र वादकाच्या ओंठांत असते. ओंठांचा दाब किंचित् कमी केला, गळ्याची पोकळी किंचित् बदलली, एखादी चावी अर्धवट उचलली, तर स्वर खालीं-वर सरकतो, डोलतो, घसरतो. अमेरिकेंतील वादकांनीं रडवेला, आर्जवी सूर काढण्यासाठीं ही युक्ति केव्हांच साधली होती. म्हणजे वाद्य परकें असलें तरी मींड त्याच्या पोटांत झोंपलेली होतीच. तिला जागें करणारा हवा होता.

दुसरी अडचण अधिक बिकट होती. बदलत्या स्वरमेळांवर धांवणारें जाझ आणि अचल षड्जावर उभा असलेला राग यांचा संसार एकत्र कसा व्हावा? या प्रश्नास जाझच्या इतिहासानेंच मदत केली. १९५९ च्या सुमारास माइल्स डेव्हिस व त्याचे सहकारी स्वरमेळांची ही घाई कमी करून एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ रेंगाळूं लागले. १९६१ सालीं जॉन कोल्ट्रेननें ‘इंडिया’ या नांवाचीच रचना मुद्रित केली. पंडित रविशंकरांविषयींच्या आदरानें त्यानें आपल्या पुत्राचें नांव रवि ठेविलें. १९६६ सालीं लंडनमध्यें कलकत्त्याचे जॉन मेयर व जमेकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनीं सतार, तबला आणि जाझ-वाद्यें एकत्र आणलीं. पश्चिमेकडून पूर्वेकडे असे हात पुढें येत असतां, पूर्वेंतच जन्मलेल्या आणि जाझ मनोभावें शिकलेल्या वादकानें काय करावें? १९७० सालीं ‘द ब्राझ गोन्साल्विस सेव्हन’ या नांवाखालीं, पॅम क्रेनच्या सहकार्यानें, ‘राग रॉक’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. त्यांतील प्रयोग आज ऐकतांना कोठें कोठें धाडसी, तर कोठें कोठें कच्चे वाटतील. परंतु चकतीवर वादकाचें नांव होतें. ही गोष्ट लहान नव्हे. ज्या परंपरेंत तीस-पस्तीस वर्षें नांवाची जागा रिकामी होती, तेथें तें छापलें गेलें.

यानंतर १९७८ सालीं मुंबईंत ‘जाझ यात्रा’ सुरू झाली. निरंजन झवेरी या रसिकानें व त्यांच्या जाझ-इंडिया या संस्थेनें हा महोत्सव मांडला. पहिल्याच वर्षीं सॉनी रोलिन्ससारखा श्रेष्ठ सॅक्सोफोनवादक त्यांत येऊन गेला. रंगभवन हें या महोत्सवाचें उघडें प्रेक्षागृह धोबीतलावलाच आहे. नोकरीच्या शोधांत आलेला गोमंतकीय वादक ज्या कुडांत पथारी पसरी, ते कूड तेथून हांकेच्या अंतरावर. ॲन्थनी गोन्साल्विस यांचा वाद्यवृंद ज्या चौकांत वाजला, तें कॉलेज तर अगदीं शेजारीं. एवढ्याशा टापूंत या वादकांचा दोन पिढ्यांचा प्रवास मावला आहे. लुई बँक्स व ब्राझ यांनीं जो इंडो-जाझ समूह बांधला, त्यांत पुढें कर्नाटक संगीताच्या गायिका रमामणि यांचा कंठ आला, आणि सॅक्सोफोन गायिकेच्या सरगमेस सवाल-जबाब करूं लागला. हा समूह यूरोपांतील श्रोत्यांपुढेंहि गेला. तेथील श्रोत्यांस त्यांत अमेरिकेची नक्कल ऐकूं आली नाहीं; जें आपल्याकडे नाहीं असें कांहीं तरी ऐकूं आलें.

असाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोंकास, बर्फाळ नॉर्वेंत, एका सॅक्सोफोनवादकापुढें उभा राहिला होता. यान गार्बारेक याचा जन्म १९४७ सालचा, मीसेन या गांवचा. बाप युद्धांत कैदी म्हणून आणलेला पोलिश, आई नॉर्वेची. लहानपणीं कांहीं वर्षें तो कायद्यानें कोणत्याच देशाचा नागरिक नव्हता. वयाच्या चौदाव्या वर्षीं त्यानें रेडिओवर कोल्ट्रेनचें वादन ऐकलें आणि सॅक्सोफोनचा ध्यास घेतला. तोहि आरंभीं अमेरिकेसारखेंच वाजवी. पुढें डॉन चेरी या अमेरिकन वादकानेंच त्यास व त्याच्या मित्रांस, तुमच्या देशांत लोकगीतें नाहींत काय, अशा अर्थाची आठवण करून दिली. आणि गुराख्यांच्या हांका, डोंगरांतील प्रतिध्वनि व लांबलचक सूर यांतून गार्बारेकचा स्वतःचा आवाज निर्माण झाला. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या झाकिर हुसेन यांच्या ‘मेकिंग म्यूझिक’ या ध्वनिमुद्रिकेंत तो हरिप्रसाद चौरसिया यांच्या बांसरीशेजारीं वाजतो. बेळगांवीं जन्मलेल्या शोभा गुर्टू यांचे पुत्र, मुंबईचे तालवादक त्रिलोक गुर्टू यांच्याबरोबरहि त्यानें वाजविलें. १९९४ सालीं त्यानें चार गायकांसह यूरोपांतील प्राचीन धर्मसंगीतांत आपला सॅक्सोफोन मिसळला, तेव्हां त्या ‘ऑफिशियम’ ध्वनिमुद्रिकेनें जगभर कीर्ति मिळविली.

गार्बारेकची ही हकीकत ब्राझ यांच्या कथेवर चांगलाच प्रकाश पाडते. दोघांनींहि परकी भाषा प्रथम अस्खलित आत्मसात् केली, आणि मगच तिच्यांत आपल्या घरचें बोलूं लागले. फरक पडला तो परिस्थितीचा. नॉर्वेच्या वादकामागें म्यूनिक येथील एक चिकाटीचा ध्वनिमुद्रण-प्रकाशक दशकानुदशकें उभा राहिला. त्याच्या ध्वनिमुद्रिका एकामागून एक निघत गेल्या. आपल्याकडे अशा संगीताला पेठ नव्हती. चित्रपटानें सर्व श्रोते व सर्व पैसा आपल्याकडे ओढून घेतला होता. म्हणून ब्राझ यांच्या स्वतःच्या मुद्रणांची संख्या थोडी. त्यांचें उत्तमांतील उत्तम वादन ज्या रात्रीं झालें, त्या रात्रींबरोबरच हवेंत विरून गेलें.

या प्रयोगांविषयीं मतभेदहि होतेच. रागसंगीताचे अभिमानी म्हणत, यांत राग नाहीं, रागाचे केवळ स्वर आहेत. आणि जाझचे अभिमानी म्हणत, यांत जाझचा झोल हरवला आहे. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. चाव्यांच्या वाद्यावर आलापीचा विस्तार करणें ही वर्षानुवर्षांच्या तालमीची गोष्ट आहे, आणि संध्याकाळीं पोटासाठीं नृत्यसंगीत वाजविणाऱ्या वादकास ती तालीम कोण देणार? तथापि परक्या वाद्यांविषयींचें आपलें मत कसकसें बदलत गेलें, हेंहि ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. व्हायोलिन आज कोणासहि परकें वाटत नाहीं. ऑर्गनवांचून मराठी संगीत नाटकाची कल्पना करवत नाहीं. पेटीला तर आकाशवाणीनें १९४० सालीं बंदी केली होती, ती पुढें तीस वर्षांनीं उठूं लागली. दरम्यान पेटी मात्र घराघरांत व मंदिरांत वाजतच होती. कर्नाटकांत कद्री गोपालनाथ यांनीं सॅक्सोफोनवर संपूर्ण कर्नाटक पद्धतीची मैफल उभी करून दाखविली, तेव्हां या वाद्यास राग पेलत नाहीं, हा आक्षेप तरी निकालांत निघाला. वाद्य कोणत्या देशांत घडलें, यापेक्षां तें कोणत्या गळ्याचें ऐकून वाजविलें जातें, हाच खरा प्रश्न आहे.

उत्तरायुष्यांत ब्राझ गोमंतकांत परतले. रात्रीच्या उपाहारगृहांचें संगीत त्यांनीं मागें ठेविलें आणि त्यांचें मन धर्मसंगीताकडे वळलें. ज्या मंदिराच्या छायेंत त्यांच्या पूर्वजांनीं स्वर ओळखावयास शिकलें होतें, तेथेंच तो सॅक्सोफोन फिरून येऊन पोंचला. रंगभवनांतील रात्री ध्वनिनियमांमुळें पुढें बंद पडल्या. कूडहि आतां थोडे उरले आहेत. ध्वनिमुद्रणाच्या दालनांत शंभर वादक एकत्र बसण्याचा काळ तर यंत्रांनीं केव्हांच संपविला. चिक चॉकलेट १९६७ सालीं गेला, सेबॅस्टियन डिसोझा १९९८ सालीं गेले, मनोहारी सिंग २०१० सालीं, मिकी कोरिया २०११ सालीं आणि ॲन्थनी गोन्साल्विस २०१२ सालीं. त्यांच्यामागें राहिलें आहे तें दोन कडव्यांमधल्या मोकळ्या जागेंतील संगीत, आणि ती मोकळी जागा सोडून स्वतःच्या आवर्तनावर येऊं पाहणाऱ्या थोड्या ध्वनिमुद्रिका.

घाटनांदूरच्या एखाद्या घरांत, पुण्या-मुंबईच्या एखाद्या दिवाणखान्यांत, रात्रीच्या वेळीं रेडिओवर जुनें गीत लागतें. पहिलें कडवें संपतें, गायक श्वास घेतो, आणि तो जाड, ओलसर सूर आंत शिरतो. सहसा त्या वेळीं घरांतील माणसें बोलूं लागतात. गाणें पुन्हां सुरू झालें कीं गप्प बसतात. यापुढें तेवढीं आठ मापेंहि गप्प बसून ऐकावींत. गायक श्वास घेत असतांना तेथें दुसरा कोणी आपला श्वास नळींत ओतीत असतो, आणि त्यालाहि नांव असतें.